लहान मुठीचा धर्मादाय

कठोपनिषदाचा आरंभ यज्ञाने होत असला, तरी वाचकाच्या ध्यानात राहते ते त्या यज्ञमंडपात उभ्या असलेल्या एका मुलाचे निरखून पाहणे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा संकल्प सोडलेला आहे, ऋत्विजांना दक्षिणेदाखल द्यावयाच्या गाई एकामागून एक पुढे हाकलल्या जात आहेत, आणि त्याचा मुलगा नचिकेता त्यांच्याकडे पाहतो तेव्हा त्याला असे दिसते की, ज्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले, शेवटचे गवत खाऊन झाले, ज्यांची शेवटची धार केव्हाच काढून झाली आणि ज्यांना पुन्हा वेत होण्याची आशा उरली नाही, अशाच गाई तेवढ्या दानाच्या रांगेत लागल्या आहेत. संकल्प सर्वस्वाचा आणि दान भाकड जनावरांचे, ही विसंगती तेथे जमलेल्या विद्वन्मंडळींपैकी कोणाला खटकल्याचे उपनिषद सांगत नाही; ती खटकली एका पोराला. मग आपल्याला कोणाच्या पदरात घालणार, असे त्याने बापाला एकदा सोडून तीनदा विचारले, बाप संतापला, आणि त्या संतापामुळे यमाच्या दारी गेलेल्या मुलाला मृत्यूचे रहस्य उलगडले, हा पुढचा भाग सर्वश्रुत असून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी आपली लेखणी झिजवली ती त्याच भागावर. मुलांना दानाची आणि दयेची सवय कशी लावावी, याचा विचार करू इच्छिणाऱ्या गृहस्थाने मात्र यमाच्या दारापर्यंत जाण्याची घाई करू नये. त्याच्या कामाचा मजकूर त्या गाईंपाशीच आहे.

कारण तो प्रसंग आपल्या घरोघरी दरवर्षी घडत असतो. दिवाळीच्या आधी माळे आणि कपाटे रिकामी होतात, चेन तुटलेले दप्तर, कोपरावर विरलेला स्वेटर, चार तुकडे हरवलेले चित्रकोडे आणि एका चाकाची मोटार यांचा ढीग दिवाणखान्याच्या मध्यभागी रचला जातो, आणि आई सहज बोलून जाते की हे सगळे गरिबांना देऊन टाकू. जवळच बसलेले सात वर्षांचे मूल ते ऐकते. त्याला कोणी व्याख्या सांगितलेली नसते. ती त्याने स्वतःच बांधलेली असते, आणि ती अशी की, आपल्याला जे नको झाले ते ज्यांनी निमूटपणे घ्यावे त्यांना गरीब म्हणतात. वापरलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडावी यात गैर काहीच नाही, किंबहुना आजच्या उधळपट्टीच्या काळात ते स्वागतार्हच आहे. पण त्याला दान म्हणण्यापूर्वी जरा विचार करावा. या बाबतीत जुन्या बोहारणीचा व्यवहार अधिक स्वच्छ होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. ती दारात बसून साडीचा काठ, धोतराचा पोत, फाटक्या भागाची लांबी या सगळ्यांची कसून पाहणी करी, तासभर घासाघीस करी, आणि अखेर एक पातेले किंवा झारा देऊन गाठोडे बांधून चालू लागे. त्यात कोणी कोणावर उपकार केल्याचा आव नसे, आणि पाहणाऱ्या मुलाच्या मनातही तसा काही गोंधळ होत नसे.

नचिकेत्याच्या बापाने जे केले त्याच्या नेमके उलट करून दाखविणाऱ्या एका आईची हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या गागोदे गावी 1895 साली जन्मलेला विनायक नरहरी भावे, म्हणजेच पुढचे विनोबा, लहानपणी अंगणातल्या फणसाला कुयरी धरली की तो कधी खायला मिळणार म्हणून आईला भंडावून सोडी. फणस पिकून उतरविला जाईपर्यंत मुलाच्या तोंडाला किती पाणी सुटत असेल, याची कल्पना कोकणात वाढलेल्यांना निराळी द्यावयास नको: हाताला आणि सुरीला तेल चोळून फणस चिरला जात आहे, चीक निपटला जात आहे, चारखंडांतून पिवळेजर्द गरे निघत आहेत, आणि त्या वासाने सगळे घर भरून गेले आहे. अशा वेळी रुक्मिणीबाई पानांचे द्रोण भरीत, ते मुलाच्याच हाती देत आणि आळीतल्या घराघरांत पोचते करण्यास त्याला धाडीत. सगळे द्रोण वाटून मूल परत आले म्हणजे मग त्याला जवळ बसवून त्याच्या वाट्याचे गरे त्याला मिळत. आधी द्यायचे आणि मग खायचे, एवढाच त्या घरचा शिरस्ता. विनोबांनी पुढे आयुष्यभर ही आठवण कृतज्ञतेने सांगितली.

या साध्या हकिकतीत तीन गोष्टी अशा आहेत की, त्यांतील एकही गाळली तर बाकीच्या दोन लंगड्या पडाव्यात. जे दिले ते उरलेसुरले नव्हते. फणस नुकताच फुटला होता आणि पहिले गरेच बाहेर गेले. ते मुलाच्या हाताने गेले; आईने स्वतः वाटून येऊन मुलाला त्याचे वर्णन ऐकविले नाही. आणि ज्यांच्याकडे गेले ते कोणी दीनदुबळे नव्हते, शेजारी होते, ज्यांच्या परड्यातल्या भाज्या आणि फळे उद्या याच घरात यावयाची होती. या शेवटच्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. देणे ही गोष्ट मूल प्रथम बरोबरीच्या माणसांत शिकले, तर पुढे अडलेल्या माणसाला देताना त्याच्या चेहऱ्यावर वरचढपणा उमटण्याचे भय पुष्कळसे कमी होते. संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन पोरे घरोघर हिंडतात त्याचेही मोल मला याच हिशेबाने अधिक वाटते.

विनोबांच्या आईची दुसरी आठवण अधिक अवघड आहे, आणि ती वाचताना माझे मन अजूनही दोन्हीकडे हेलकावते. दारी आलेल्या एका धडधाकट भिकाऱ्याला तिने भिक्षा घातली, तेव्हा वयात येऊ लागलेल्या विनोबांनी हरकत घेतली की, अशा इसमाला देणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे होय. आणि देश, काल व पात्र पाहून दिलेले दानच सात्त्विक, या गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या विवेचनाचा आधारही त्यांनी दिला. आईचे उत्तर असे होते की, पात्र कोण आणि अपात्र कोण याचा निवाडा करणारे आपण कोण. दारी आलेल्याला देवाच्या ठिकाणी मानावे आणि शक्तीप्रमाणे द्यावे, एवढेच आपल्या हाती. या युक्तिवादाचे खंडन आपल्याला कधीच साधले नाही, असे विनोबा म्हणत. साधले नाही हे खरे. पण शहराच्या चौकात तान्ह्या पोराला औषध पाजून निजवून त्याच्या नावाने भीक मागितली जाते, असा संशय येतो तेव्हा केवळ आईच्या उत्तरावर भागत नाही, आणि मोटारीच्या काचेतून नाणे सरकविणाऱ्या बापाला शेजारच्या मुलाने ‘बाबा, हे पैसे त्या बाळाला मिळतात का हो?’ असे विचारले, तर बापाने त्या प्रश्नाला त्रास समजू नये. माझ्या मते लहान वयात आईचा पक्ष धरावा आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास मुलाचा. हात मोकळा व्हायच्या आधीच पात्रापात्रतेची चिकित्सा शिकविली, तर मूल चिकित्सा तेवढी उचलते आणि हात मिटलेलाच राहतो.

हाच हात मोकळा करण्याची एक योजना विनोबांनी उतारवयात देशापुढे मांडली. 1951 च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकर जमीन मिळून भूदानाचा ओघ सुरू झाला, ही घटना शाळेच्या पुस्तकांतही आली. परंतु त्यानंतर सहा-सात वर्षांनी शांतिसेनेच्या कल्पनेबरोबर त्यांनी जे सर्वोदयपात्र सुचविले, त्याची आज कोणाला फारशी आठवण नाही. प्रत्येक घरात एक मडके, गाडगे किंवा डबा ठेवावा, त्यात रोज एक मूठ धान्य टाकावे, आणि साठलेले धान्य समाजसेवकांच्या योगक्षेमासाठी द्यावे. येथपर्यंत यात अपूर्व असे काही नाही. अपूर्वता आहे ती त्यांच्या अटीत: मूठ घरातल्या लहान मुलाची असावी. मोठ्या माणसाच्या मुठीने धान्य दुप्पट जमले असते, हे गणित विनोबांसारख्या गणिताच्या शौकिनाला कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांना धान्यापेक्षा मूल हवे होते. पानावर बसण्यापूर्वी आईने मुलाला पात्रात मूठ टाकलीस का म्हणून विचारावे, आणि टाकली नसेल तर मुलाने उठून ती टाकून यावे व मग घास घ्यावा, म्हणजे पाटीवर अक्षर गिरवून जसे बोटांना वळण लागते तसे देण्याचे वळण मनाच्या आधी हाताला लागेल, अशी त्यामागची दृष्टी होती. गागोद्याच्या फणसाचा वर्षातून एकदा येणारा प्रसंग त्यांनी अशा रीतीने रोजचा करून टाकला.

ही मूठ केवढी असते, हे पाहावे म्हणून एका सहा वर्षांच्या मुलाला मी डब्यातली मूठभर ज्वारी घ्यावयास सांगितली आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. मुलाने मूठ इतकी गच्च भरली होती की काट्यापर्यंत येईतो बोटांच्या फटींतून दाणे फरशीवर टपटप गळत होते. तरीही जे उरले ते पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर भरले. वर्षाचे नऊ किलो. एका घराचे एवढे धान्य म्हणजे काहीच नव्हे, आणि दोनशे उंबऱ्यांच्या गावाचे मिळून अठरा क्विंटल, हा हिशेब कागदावर सुरेख दिसतो. प्रत्यक्षात ते धान्य दर महिन्याला कोणी तरी येऊन न्यावे लागते, मोजावे लागते, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि नेणारा एकदोन महिने आला नाही की पात्रात टोके पडतात व मुलाला दिसते ते एवढेच की आपण टाकलेले कोणालाच नको आहे. सर्वोदयपात्र दीर्घकाळ टिकले नाही याची राजकीय कारणे जाणकारांनी शोधावीत; गृहस्थाच्या दृष्टीने त्यातला इशारा असा की, मुलाने दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे त्याला कळण्याची तजवीज नसेल, तर त्याला द्यावयास लावू नये.

मुठीचा हिशेब ज्यांनी तडीस नेला ते कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करून 1924 मध्ये त्यांनी सातारला वसतिगृह काढले, आणि मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी अशा सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. त्या काळी ही गोष्ट पैशापेक्षाही दुर्मिळ होती, आणि पैसा तर नव्हताच. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पण नामकरणाने पोरांचे पोट भरत नाही, आणि चूल पेटती ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून देत अखेर गळ्यातले मंगळसूत्रही दिले, ही कथा सातारा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडून ऐकताना आजही सांगणाऱ्याचा स्वर बदलतो. भाऊरावांचा मुष्टिफंड असा होता की, पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने वैरण घालण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूच्या भांड्यात टाकावयाचे, आणि ठरल्या दिवशी बोर्डिंगच्या पोरांनी पोती घेऊन गावोगाव जाऊन ते गोळा करावयाचे. येथे देणारी बाई आणि नेणारा मुलगा एकमेकांना ओळखीत. आपल्या मुठीने कोणाचा पोरगा शिकतो आहे हे तिला दिसत होते, आणि आपण कोणाच्या जात्यातले खातो हे पोराला. तिच्या पदराला धरून उभे असलेले लहान मूल ही देवघेव पाहत असे, आणि चार वर्षांनी कदाचित त्याच बोर्डिंगात दाखल होत असे.

याच्या आधीच्या पिढ्यांत पुण्यासारख्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत: सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, अशी आठवड्याची सात घरे. या पद्धतीने अनेक नामवंत माणसे महाराष्ट्राला दिली, यात शंका नाही. परंतु तिची गोडी सांगताना दोन उणिवा झाकून ठेवणे बरे नव्हे. एक तर हा औदार्याचा व्यवहार बहुधा जातीच्या कुंपणाआत चाले. ज्या घरात वाराच्या विद्यार्थ्याला आग्रहाने भाकरी वाढली जाई, त्याच घरातल्या मुलाला अस्पृश्याची सावलीही चुकविण्याचे धडे मिळत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये वृद्ध महारणीची मोळी उचलून द्यावयास मुलाला धाडणारी आई म्हणूनच त्या काळात एवढी उठून दिसते. दुसरी उणीव पानावर दिसे. कोठे यजमानाच्या मुलाला दह्याची कवडी आणि वाराच्या मुलाला ताक, कोठे त्याच्या पाटाची जागा दाराशी. आणि दोघेही समवयस्क असल्यामुळे हा फरक ज्याला सोसावा लागे त्याच्याइतकाच, किंबहुना त्याहूनही घातक रीतीने, ज्याला दही मिळे त्याच्या मनात रुजत असे.

मुले पाहून शिकतात, सांगून नव्हे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातला अर्थ झिजून गेला आहे. पण मानसशास्त्राने ते कसोटीला लावून पाहिले तेव्हा जे निघाले ते अपेक्षेहून थोडे निराळे, आणि थोडे बोचरेही होते. ब्रायन आणि वॉलबेक या अमेरिकी संशोधकांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना एका खेळात बक्षिसे मिळत आणि त्यांतील काही गरीब मुलांच्या पेटीत टाकण्याची मुभा असे. त्यांच्यासमोर खेळणारा आदर्श कधी स्वतः देई आणि देण्याचे महत्त्व सांगे, कधी देई पण लोभाची भाषा बोले, तर कधी दातृत्वावर प्रवचन देऊन पेटीत काहीच टाकीत नसे. मुलांनी किती दिले, हे आदर्शाच्या कृतीवरून ठरले. मग उपदेश वाया गेला काय? तसेही नाही. पुढच्या खेळाडूला काही सांगण्याची पाळी त्या मुलांवर आली, तेव्हा त्यांनी ऐकलेला उपदेश बिनचूक पुढे पोचविला. म्हणजे बोलून एक आणि वागून दुसरे शिकविणाऱ्या घरात मूल दोन्ही गोष्टी इमानाने उचलते, आणि दांभिकपणाची परंपरा विनाखंड चालू राहते.

याहून सुखद निष्कर्षही आहेत. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतील वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2006 मध्ये दाखविले की, दीड वर्षाचे मूलही, कपडे वाळत घालणाऱ्याच्या हातून चिमटा पडून त्याला तो घेता येत नाहीसे दिसले की, दुडदुडत जाऊन तो उचलून देते; चोवीस बालकांपैकी बावीस जणांनी एकदा तरी अशी मदत केली, आणि कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. त्याच दोघांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस दिले गेले, त्यांची मदत पुढे, बक्षीस थांबल्यावर, ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा कमी झाली, तोंडी शाबासकीने असे नुकसान झाले नाही. आजीला पाणी दिल्याबद्दल चॉकलेट देणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी. आणि व्हँकुव्हरच्या विद्यापीठात 2012 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या चेहऱ्यांचे निरीक्षण करण्यात आले तेव्हा, खाऊ मिळताना ती जेवढी खुलली त्याहून तो बाहुल्याला देताना अधिक खुलली, आणि कोणी हाती दिलेला वेगळा तुकडा देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना तर सर्वांत अधिक. मुले थोडीच होती, तेव्हा एवढ्यावरून सिद्धान्त मांडू नये. पण गागोद्याच्या आईला या निष्कर्षाचे नवल वाटले नसते.

या कसोटीला आपल्या शाळा कितपत उतरतात? दरवर्षी 7 डिसेंबरला सैनिकांच्या कल्याणासाठी ध्वजनिधी गोळा होतो. 1949 पासून चालत आलेली ही प्रथा सर्वथा स्तुत्य आहे, आणि क्षयरोग निवारणाची तिकिटेही एके काळी घरोघर विकली गेली. परंतु वर्गात पावतीपुस्तके वाटली जातात, प्रत्येकाने अमुक रक्कम आणावी असा अलिखित हुकूम सुटतो, शेवटच्या दिवसापर्यंत तगादा चालतो, आणि रात्री साडेदहाला आठवण झालेल्या पोराच्या पुस्तकावर बाप काका, मामा, आत्या अशी नावे स्वतःच लिहून सगळी रक्कम खिशातून काढून ठेवतो, तेव्हा देणगीचे सर्व कागदपत्र यथास्थित असूनही दान असे कोणीच केलेले नसते. सर्वांत जास्त रक्कम आणणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिण्याची टूम कोणी काढली हे मला ठाऊक नाही. ज्याच्या बापाचा पगार मोठा त्याचे अंतःकरण मोठे, हे समीकरण त्या फळ्यावरून मुले वर्षानुवर्षे उतरवून घेत आहेत. शिक्षकांचा यात दोष थोडा आहे. त्यांच्यावरही वसुलीचा आकडा असतो.

फळ्यावरच्या नावाचा रोग आता घरांतही पसरला आहे. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक कापणे आणि थंडीत घोंगड्या वाटणे या गोष्टी मुळात चांगल्या. पण घोंगडी घेणाऱ्या वृद्धेला छायाचित्रासाठी थांबवून, देणाऱ्या मुलाच्या हाताला आणि तिच्या हाताला घोंगडीची दोन टोके धरावयास लावून, ‘आजी, इकडे बघा’ असे म्हणताना जो कोणी मोबाइल रोखतो, त्याने तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली एकदा वाचावी. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा जो उपदेश करतात, त्यात दान श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि लाजत द्यावे असे सांगितले आहे. संकोच घेणाऱ्याने वाटून घ्यावयाचा, हा आपला नेहमीचा समज. उपनिषद तो देणाऱ्याच्या पदरी घालते. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून देताना आपण मुलांना जी कौत्साची गोष्ट सांगतो, तिच्यातही हे सौंदर्य आहे. सर्वस्व देऊन मातीच्या पात्रातून अर्घ्य देण्याची पाळी आलेला रघू, गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागावयास आलेला कौत्स, आणि रघूच्या धाकाने कुबेराने केलेली सुवर्णवृष्टी. राजा म्हणतो सगळे ने, आणि विद्यार्थी म्हणतो गुरूंना द्यावयाचे तेवढेच नेईन. गोष्ट सांगताना आपण बहुतकरून रघूची थोरवी गातो आणि कौत्साला दुय्यम ठेवतो. मुलांना दोघांची ओळख सारखीच करून द्यावी. कारण आज देणारे मूल उद्या घेण्याच्या पाळीवर येणारच नाही, असा जामीन कोणी देऊ शकत नाही.

देण्याला मुदत आणि माप असावे, की ते मनाच्या लहरीवर सोडावे, याविषयी मतभेद आहेत. मी मापाच्या बाजूचा आहे. मुसलमान समाजातील फितऱ्याची रीत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे: रमजान ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसागणिक ठरीव मापाचे धान्य, कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात दर डोई सुमारे अडीच-तीन किलो, अथवा त्याची किंमत गरिबाकडे पोचती करावयाची, म्हणजे ईदच्या दिवशी त्याच्याही घरी चूल पेटेल. या मोजदादीत पाळण्यातले मूलही धरले जाते. त्याच्या वतीने बाप देतो, हे खरे. पण मोजताना त्याचे नाव घेतले जाते, आणि मोठ्या भावंडांच्या कानांवर पडते की आपल्या घरातल्या सर्वांत धाकट्याच्या वाट्याचाही एक हिस्सा बाहेरचा आहे. खाऊच्या पैशांना हाच न्याय लावता येतो. आठवड्याला मुलाला जे काही दहा-वीस रुपये मिळतात, त्यांतला एक ठरलेला भाग मातीच्या वेगळ्या गल्ल्यात पडावा, आणि गल्ला फुटेल तेव्हा ते पैसे कोठे द्यावयाचे याची निवड मुलाने करावी. ही निवड मोठ्यांना पुष्कळदा पसंत पडत नाही. आठ वर्षांच्या मुलीला कर्करोगाच्या रुग्णालयापेक्षा गल्लीतल्या लंगड्या कुत्रीच्या मलमपट्टीचे अगत्य अधिक वाटेल, आणि वाटू द्यावे. ती कुत्री तिने पाहिली आहे. दयेला ज्ञानाची जोड मात्र हळूहळू द्यावयास हवी, नाही तर घाटात मोटार थांबवून माकडांना वेफर्स टाकणे हेसुद्धा पुण्यात जमा होते, आणि त्यामुळे ती जनावरे रानातला चारा सोडून वाहनांखाली सापडू लागतात हे कोणी सांगतच नाही.

मूल द्यावयास नकार देते, तेव्हा काय करावे हा प्रश्न पालक हटकून विचारतात. शेजारच्या मुलाला आपली सायकल एक फेरीपुरतीही न देणारे पोर चारचौघांत आईबापांना ओशाळे करते, आणि मग ‘दे म्हणते ना त्याला!’ अशी आज्ञा सुटून सायकल हिसकावून दिली जाते. कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रयोगात, 2013 च्या सुमारास, शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच्या वयाच्या चिमुकल्यांना एक चिकटचित्र दिले आणि समोर एक दुःखी बाहुले ठेवले. काहींना ते बाहुल्याला दिलेच पाहिजे असे सांगितले, तर काहींना ठेवावयाचे की द्यावयाचे ते तुम्हीच ठरवा, असे सांगितले. नंतर दुसऱ्याच बाहुल्याशी गाठ पडली तेव्हा, ज्यांनी स्वतः ठरवून दिले होते त्यांचा हात अधिक सैल सुटला. तेव्हा सायकलीच्या मालकाला नाही म्हणण्याचा हक्क खरोखरीचा असावा, नाही म्हटल्यावर त्याला आप्पलपोटा ठरवून दिवसभर टोचू नये, आणि शेजारच्या मुलाला, ‘आज त्याच्या मनात नाही, बाळ, तू उद्या विचार,’ असे सरळ सांगून मोठ्यांनी आपापल्या कामाला लागावे.